आधी नजर, मग झाडू

माझं शुद्धलेखन चांगलं नाही. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे ते मला कधी नीट कळलंच नाही, आणि अक्षर असं की माझी मुलगी म्हणते, आई, तुझ्या ओळी रुळावरून घसरतात. मी चौथी पास. पाचवीची शाळा दुसऱ्या गावात होती, तिकडे मला कुणी पाठवलं नाही. ही वही मुलीची अकरावीची आहे, मागची पानं कोरी राहिली होती. चुकून कुणाच्या हाती लागली तर माझ्या चुका पोटात घालाव्यात.

लिहायचं कारण असं. मी नांदेड स्टेशनवर गाड्यांचे डबे झाडायचं काम करते. पंधरा वर्षं होत आली. परवा एक नवी पोरगी कामाला लागली. मी तिला म्हटलं, झाडू लावायच्या आधी वाकून सगळ्या सीटखाली बघून घे. ती म्हणाली, "काकू, आपल्याला झाडायचे पैसे मिळायलेत. वाकून बघायचे कोण देऊन राहिलंय?" बाकीच्या हसल्या. मला उत्तर येत होतं. पण चौघींसमोर बोलायला मला जमत नाही. मी नुसती वाकले, बघितलं आणि पुढच्या डब्यात गेले. ते राहिलेलं उत्तर इथे लिहिते. मला हे गयाअक्काने शिकवलं.

गयाअक्का किल्लारीकडची. उंचीने माझ्या खांद्याला लागायची. पदर कमरेला इतका करकचून खोचायची की बघणाऱ्याचाच श्वास अडकावा. नवरा नव्हता, एक मुलगी उदगीरला दिलेली. स्टेशनमागे एका खोलीत एकटी राहायची. नांदेडला वीस वर्षं राहूनही तिचं बोलणं लातूरकडचंच राहिलं. आम्ही म्हणायचो, "काय करायलीस?" ती म्हणायची, "काय करलालीस?" पोरी तिच्या तोंडावर तिची नक्कल करायच्या. ती म्हणायची, "करा. लातूरला शिकायला लोकं लाख-लाख रुपये भरून क्लास लावतेत. तुमाला फुकट मिळाया लागलंय."

माझा कामाचा पहिला दिवस मला चांगला आठवतो. यार्डात गाडी उभी होती. मी घाईघाईने डब्यात चढले आणि दारापासून झाडायला सुरुवात केली. मागून कुणीतरी झाडूचा दांडा धरला. वळून बघितलं तर ही.

"काय करलालीस?"

"झाडते."

"काय झाडतीस?"

"कचरा."

"कचराच हाय हे कुणी सांगितलं तुला?"

तिने मला खाली बसवलं. स्वतः डब्याच्या टोकाला जमिनीवर बसली आणि गाल फरशीला लागेल इतकी वाकली. मलाही वाकायला लावलं. तिथून त्या टोकापर्यंत सगळ्या सीटच्या खालचं एका नजरेत दिसत होतं. शेंगांची टरफलं, पाण्याच्या बाटल्या, एक लहान मुलाची चप्पल.

"बघ. टरफल पसरलेलं असतं. बाटली लोळती. चप्पल पालथी पडती. हे सगळं पडलेलं हाय. आता ह्यात कुटं ठिवलेलं काय दिसतंय का?"

"नाही."

"मग झाड. आधी नजर, मग झाडू. आन् ठिवलेलं दिसलं तर हात लावायचा न्हाई, झाडूबी लावायचा न्हाई. मागं सरायचं आन् वरडायचं."

मी म्हटलं, "मला ओरडता येत नाही."

तिने झाडू परत माझ्या हातात दिला. "मग पळायचं. पळत माझ्याकडं यायचं. मी वरडते."

पडलेलं आणि ठेवलेलं. तिची सगळी विद्या एवढीच होती. तिला वाचता येत नव्हतं. फक्त सही यायची, तीही प्रौढांच्या वर्गात शिकलेली. पण संडासातल्या कचऱ्याच्या डब्याचं झाकण झाडूच्या टोकाने कसं उचलायचं, बेसिनखालची पत्र्याची झडप सैल असेल तर तिच्यावर कसे ओरखडे दिसतात, कुणी पिशवी विसरली असेल तर ती कशी तिरपी असते आणि मुद्दाम लपवली असेल तर कशी भिंतीला चिकटून असते, हे तिला तोंडपाठ होतं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. कुठेतरी गाडीत स्फोट झाल्याची बातमी टीव्हीवर दिवसभर दाखवत होते, ती तिने चहाच्या दुकानात उभी राहून बघितली. दुसऱ्या दिवसापासून वाकायला लागली, असं जुन्या बायका सांगायच्या.

आमची कल्पना वेगळी होती. किल्लारीच्या भूकंपात तिच्या घरची माणसं गेली होती. त्याचीच भीती तिच्या मनात बसली असेल असं आम्हाला वाटायचं. एकदा भाकरी खाताना एकीने विचारलंच, "अक्का, तुम्ही भूकंपातून वाचल्या म्हणून असं खाली बघता का हो?"

अक्काने घास चावून संपवला. "त्याचा काय संबंध? भुकंप काय कुणी सीटखाली ठिवून जातं? त्याला बघून काय उपेग न्हाई. तेव्हा मी कितीबी वाकले असते तरी काय दिसलं नसतं. हे मात्र माणूस ठिवतो. माणसानं ठिवलेलं माणसाला दिसतं. दिसत आसताना कामून बघायचं न्हाई?"

मग मिरचीचा तुकडा तोडून म्हणाली, "आन् त्याला बी कळू दे की. नांदेडच्या गाडीत बाया बघतेत. ठिवशील तर सापडशील."

हा 'तो' कोण ते तिने कधी सांगितलं नाही. पण त्याच्याशी तिचं रोजचं भांडण चाललेलं असायचं.

गाडी फलाटावर लागल्यावर आमचं काम संपतं. अक्काचं संपायचं नाही. गाडी सुटायच्या आधी ती एकदा सगळ्या डब्यांतून चालत जायची. कुणी सांगितलेलं नव्हतं, त्याचे पैसे नव्हते. बेवारस पिशवी दिसली की डब्याच्या मधोमध उभी राहून विचारायची, "हे लेकरू कुणाचं?" लोक हसायचे. कुणीतरी हात वर करायचा. मग म्हणायची, "मांडीवर घ्या नायतर पायाजवळ ठिवा. टाकून जाऊ नगा."

एकदा एक गृहस्थ सीटवर बॅग ठेवून चहाला उतरले. अक्का त्या बॅगेपासून चार पावलं लांब उभी राहिली आणि कुणाला जवळ जाऊ देईना. ते परत आले तेव्हा डब्यातली सगळी माणसं दारात जमली होती. त्या गृहस्थांना राग आला. इस्त्रीचा शर्ट, हातात दोन मोबाईल.

"बाई, मी कोण आहे तुम्हाला माहीत आहे का?"

"न्हाई ना. म्हनून तर उभी हाय. ठाव असतं तर कशाला इचारलं असतं?"

त्यांनी सगळ्यांसमोर बॅग उघडून दाखवली. आत फायली होत्या आणि एक पावडरचा डबा. अक्का म्हणाली, "बसा आता. चहा गार झाला का हो?"

दुसऱ्या एका वेळी डब्यातल्या दोन बायांनी तिला खुणावून बोलावलं. कोपऱ्यात एक तरुण मुलगा बसला होता, दाढी आणि टोपी. मांडीवर कापडी पिशवी, ती त्याने दोन्ही हातांनी धरलेली. एक बाई हळूच म्हणाली, "त्याची तपासा. कधीची पोटाशी धरून बसलाय."

अक्का मुद्दाम मोठ्याने बोलली. "त्याची पिशवी त्याच्या मांडीवर हाय. मालक समोर बसलाय. तुमच्या डोक्यावर फळीवर तीन गाठोडी हायेत, ती कुणाची?"

त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. त्यातली दोन त्यांचीच होती. तिसरं कुणाचं ते कुणालाच सांगता येईना. शेवटी पलीकडे झोपलेल्या म्हाताऱ्याला उठवलं तेव्हा कळलं.

"तोंडं नगा बघू," अक्का म्हणाली. "तोंड बघून मला आजपर्यंत काय सापडलं न्हाई. पिशव्या बघा." तो मुलगा मान खाली घालून बसला होता. अक्का जाताना त्याला म्हणाली, "अशीच धर बाबा. समद्यांनी अशीच धराय पायजे."

आता मुख्य गोष्ट सांगते.

आमच्याकडची बरीच पोरं दहावी झाली की लातूरला शिकायला जातात. आईबापाला दर आठवड्याला जाणं जमत नाही. मग कुणीतरी एक पद्धत काढली. डबा पिशवीत घालायचा, लातूरकडे जाणाऱ्या सकाळच्या गाडीत एखाद्या सीटखाली ठेवायचा, आणि उतरून पोराला फोन करायचा. इंजिनाकडून तिसरा डबा, खिडकीखाली, निळी पिशवी. तिकडे पोरगा स्टेशनवर येऊन काढून घ्यायचा. तिकीट नाही, पैसे नाहीत, धपाटे सहा तासांत लातूरला. घरोघरी सगळ्यांना हे ठाऊक होतं. यात काही गैर आहे असं कुणाला वाटतच नव्हतं.

अक्काचं ह्या डब्यांशी वैर होतं. आयांना फलाटावर गाठून म्हणायची, "गाडीला हात असतेत का? माणसाच्या हातात द्या. कुणीबी चांगलं माणूस बघा, त्याला सांगा, हे माझ्या लेकाचं हाय. त्याचं नाव इचारा, तुमचं सांगा." काही ऐकायच्या. काही म्हणायच्या, "मावशी, तुम्ही झाडा ना तुमचं."

त्या दिवशी सकाळी लातूरची गाडी सुटायला दहा मिनिटं होती. मी फलाटावर कचऱ्याची गोणी बांधत होते. अक्का चौथ्या डब्यात होती. अचानक तिचा आवाज आला. "उतरा. समदे उतरा. सामान ऱ्हाऊ द्या, लेकरं घ्या आन् उतरा."

मी तिचं ओरडणं खूप ऐकलं होतं, पण हा आवाज वेगळा होता. तो घाबरलेला नव्हता. शाळेत गुरुजी घंटा वाजल्यावर उठा म्हणतात तसा होता. माणसं उतरायला लागली. कडेच्या सीटखाली, भिंतीला चिकटवून, गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी होतं. गोणपाट एका बाजूने सरकलं होतं आणि आतून पत्रा चमकत होता. गोल, जड, झाकण गच्च बसवलेलं, आणि त्याच्याभोवती लोखंडी तार पाच-सहा वेढे देऊन पिळलेली. प्रेशर कुकर.

डब्यात दोनदा विचारलं होतं तिने. कुणी माझं म्हटलं नाही.

रेल्वेचे पोलीस आले. गाडी थांबवली. शेजारचे डबे रिकामे केले. मग बॉम्ब बघणारं पथक आलं, कुत्रं आलं. आम्हाला लांब उभं केलं. सव्वा तास गेला. शेवटी त्यांनी तार कापून झाकण उघडलं. आत शेंगदाण्याचे लाडू होते, काठोकाठ. वर एक चिठ्ठी. रोज दोन खा, आता कुकर आला आहे, खिचडी करत जा, शिट्टी वेगळी पाठवते.

फलाटभर हसू पसरलं. कुणी मोबाईलवर चित्र काढत होतं. आमचा मुकादम दत्ता, तो तर कपाळाला हात लावून बसला. फक्त पोलिसांतल्या फौजदार मॅडम हसल्या नाहीत. त्या अक्काजवळ आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तुम्ही बरोबर केलं. असंच करायचं."

कुकरवाली आई दुसऱ्या दिवशी स्टेशनवर आली. पोलिसांनी तिला चांगलंच झापलं होतं. रडून डोळे सुजले होते. झाकण सैल झालं होतं म्हणून नवऱ्याने बांधकामावरची तार गुंडाळून दिली, असं सांगत होती. तिने अक्कासाठी वेगळे लाडू आणले होते. अक्काने तिच्यासमोर एक खाल्ला.

"लाडू बेस हायेत. पुढच्या टायमाला डब्यात दे. आन् माणसाच्या हातात दे."

ती बाई रडता रडता हसली.

आम्हाला वाटलं, झालं. तीन दिवसांनी सकाळच्या हजेरीला, आम्हाला पगार देणारा सफाईचा ठेकेदार स्वतः आला. तो सहसा यायचा नाही. आम्ही बावीस बाया रांगेत उभ्या होतो.

"लाडवासाठी गाडी थांबवली तुम्ही," तो अक्काला म्हणाला. "गाडी लेट झाली, त्याचा मला दंड बसलाय. मी कुठून भरू? नऊ हजार. दर महिन्याला पंधराशे कटतील."

"लाडू हायेत हे कुकर उघडल्यावर कळालं," अक्का म्हणाली. "उघडायच्या आधी तुमाला ठाव होतं का? मग सांगायचं की."

"मला शहाणपण शिकवू नका."

"दर दहा मिन्टाला कर्ण्यावर सांगतेत, बेवारस वस्तू दिसली तर कळवा. मी कळवलं. आता कर्ण्यावर हे बी सांगायला लावा, कळवलं तर नऊ हजार."

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. ठेकेदाराने दत्ताला वहीत लिहायला सांगितलं आणि निघून गेला.

त्या महिन्यात पंधराशे कापले. पुढच्या महिन्यातही. अक्काचा पगार आमच्याइतकाच, त्यात खोलीचं भाडं. तिने चहा सोडला. विचारलं तर म्हणायची, पित्त होतं.

तिसऱ्या महिन्यात दत्ता एक कागद घेऊन आला. "अक्का, मालक म्हणायलेत, ह्यावर सही करा. कापलेले सगळे परत देतात, पुढचं बी माफ. एक सही फक्त."

अक्काने कागद माझ्याकडे दिला. "वाच गं."

मी अडखळत वाचला. त्यात लिहिलं होतं, मी माझ्या अज्ञानामुळे व निष्काळजीपणामुळे खोटी माहिती देऊन गाडीचा खोळंबा केला, त्याबद्दल मी माफी मागते, व यापुढे माझ्या कामाव्यतिरिक्त कशातही लक्ष घालणार नाही.

"कशामुळं?"

"निष्काळजीपणामुळे."

"परत वाच."

मी परत वाचलं. मग तिने कागद घडी करून दत्ताला परत दिला. "अज्ञानी म्हण बाबा. मला वाचता येत न्हाई, अज्ञानी हायच मी. पण निष्काळजी? मी?"

"अहो, नुसता शब्द आहे. पैसे येतेत ना."

"मग तूच कर की सही."

संध्याकाळी उदगीरहून तिच्या मुलीचा फोन आला. कुणीतरी तिला कळवलं होतं. अक्काचा मोबाईल जुना, आवाज सगळा बाहेर ऐकू यायचा. "आई, कर की गं सही. तुझं काय जातंय त्यात?"

"माझी एकच सही हाय," अक्का म्हणाली. "तीच जाती."

आता माझं लिहायचं आहे. हे मी मुलीलाही सांगितलेलं नाही.

अक्काचे पैसे कापायला लागल्यापासून बाया वाकायच्या बंद झाल्या. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, पण बंद झाल्या. दिसेल तेवढं झाडायचं आणि उतरायचं. मीही. पंधराशे कापले तर माझ्या मुलीची फी राहिली असती. पाचव्या महिन्यात एका सकाळी मी संडासात पाणी मारायला गेले. बेसिनखाली, भिंतीला चिकटून, एक काळी पिशवी होती. ठेवलेली. पडलेली नाही. मी तिच्याकडे बघितलं. मग पिशवीला झाडू न लावता बाकीचं झाडून घेतलं, दार ओढून घेतलं आणि पुढच्या डब्यात गेले.

गाडी सुटली. मी फलाटावर उभी राहून शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत बघत होते. पूर्णा येईपर्यंतचा वेळ मी मनात मोजला. मग परभणीपर्यंतचा. काही झालं नाही. कुणाचे जुने कपडे असतील, काहीही असेल. पण मला ते ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसताना मी दार ओढून घेतलं होतं. डब्यात एक बाई आपल्या तीन लेकरांना घेऊन बसली होती. तिने मला पाय वर करून जागा करून दिली होती.

दुपारी मी अक्काला सांगितलं. मला वाटलं ती चिडेल. ती चिडली नाही. मी रडत होते, तिने माझा हात धरून ठेवला. बराच वेळ धरला.

"तुझी चूक न्हाई," ती शेवटी म्हणाली. "त्यानं पंधराशेत बावीस बायांचे डोळे इकत घेतलेत. लई सस्त्यात." आणि उठली. "उद्या सुट्टी टाकते. कामगारांच्या ऑफिसात जायाचं हाय. तू वाचायला चल."

तोवर ती गेली नव्हती. पैसे गेले तर गेले, सही करणार नाही, एवढंच तिचं होतं. त्या दिवसापासून बदललं. तिने फौजदार मॅडमच्या ऑफिसात चार चकरा मारल्या. त्या फिरतीवर असायच्या. तिथला शिपाई म्हणाला, "मावशी, मॅडम तोंडी बोलल्या ना तुम्हाला?"

"तोंडी बोललेलं माझ्या लक्षात हाय. ठेकेदाराच्या लक्षात न्हाई. कागद पायजे."

चौथ्या खेपेला मॅडम भेटल्या आणि त्यांनी बसल्या जागी चार ओळी लिहून, शिक्का मारून कागद दिला. दिलेली सूचना योग्य होती, अशी सतर्कता अपेक्षित आहे. अक्काने तो कागद माझ्याकडून इतक्यांदा वाचून घेतला की तिला तो पाठ झाला. 'सतर्कता' हा शब्द तिला फार आवडला. येता-जाता म्हणायची.

कामगारांच्या ऑफिसात तारखा पडल्या. तोवर सहाव्या महिन्याचेही पैसे कापून नऊ हजार पुरे झाले होते. शेवटच्या तारखेला ठेकेदार वकील घेऊन आला. अधिकारी साहेबांनी त्याला सरळ विचारलं, "गाडी लेट झाल्याचा दंड तुम्हाला बसला, त्याचा कागद दाखवा."

त्याने एक कागद दिला. साहेबांनी तो वाचला, मागून-पुढून बघितला. "हा तर दुसऱ्या गाडीचा आहे. संडास घाण होते म्हणून."

"म्हंजे आमच्या लाडवाचा न्हाई," अक्का म्हणाली.

"तुम्ही थांबा बाई."

"थांबले साहेब. सा महिने थांबले."

मग वकील म्हणाला, पिशव्या बघणं हे ह्यांचं कामच नव्हतं, ह्यांना कुणी तसं सांगितलेलं नव्हतं. साहेबांनी आमच्याकडे बघितलं. सोबत म्हणून मी एकटीच आले होते. "तुम्ही सांगा. बेवारस वस्तू दिसली तर कळवा, असं मुकादमाने तुम्हाला कधी सांगितलं होतं का?"

सांगितलं होतं. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीच्या आधी दरवर्षी हजेरीला सांगायचा. मला ते ठाऊक होतं. खोलीत सात-आठ माणसं होती, सगळी माझ्याकडे बघत होती. अक्का बघत नव्हती. ती समोर भिंतीकडे बघत होती. मला काही सुचवायचं नाही म्हणून.

"हाव," मी म्हटलं.

"मोठ्याने सांगा."

"हाव. सांगितलं होतं. दरवर्षी सांगतेत."

साहेबांनी लिहून घेतलं. कपात बेकायदेशीर, पूर्ण रक्कम परत करावी.

त्या महिन्याअखेर अक्काने काम सोडलं. साठ उलटली होती, गुडघे धरले होते. उदगीरला मुलीकडे गेली. दीड वर्षाने ती वारल्याचा फोन आला, तेव्हा मला रजा मिळाली नाही. उदगीरला जाताना तिची गाडी सुटलेलीही मी बघितली नाही, कारण मी यार्डात होते. म्हणून माझ्यासाठी तिचं शेवटचं दिसणं म्हणजे तिच्या कामाच्या शेवटच्या दिवशी पैसे मिळाले ती सकाळ.

दत्ता आदल्या दिवशीच पाकीट घेऊन तिच्या खोलीवर गेला होता. तिने घेतलं नाही. "कापायचं हजेरीला सांगितलं, तर द्यायचं बी हजेरीला. तुझ्या हातानं न्हाई. त्याच्या."

सकाळी सहाला ठेकेदार आला. त्याने कुणाकडे बघितलं नाही. पाकीट पुढे केलं. अक्काने तिथेच उघडलं, अंगठा जिभेला लावून नोटा मोजल्या.

"आठ हजार पाचशे हायेत."

"पाचशे कागदपत्रांचा खर्च. वकील, झेरॉक्स, सगळं फुकट होत नाही."

अक्काने नोटा पाकिटात घातल्या नाहीत. हातात धरून उभी राहिली. "पुरे न्हाईत."

"घ्यायचे तर घ्या."

"घेनार हाय. पुरे घेनार."

दत्ताने वही उघडली, पहिलं नाव घेतलं. कुणी हजर म्हटलं नाही. त्याने दुसरं घेतलं. यार्डात गाडी उभी होती, तिला साडेसातला फलाटावर लावायचं होतं. दत्ता नावं घेत गेला. माझं नाव आलं. मी नेहमी सगळ्यात हळू आवाजात हजर म्हणते, दत्ता दोनदा विचारतो. त्या दिवशी मीही गप्प राहिले, आणि ते मला सोपं गेलं. बावीस नावं संपली. कुणी हललं नाही. अक्का आमच्याकडे बघत नव्हती, ठेकेदाराकडेच बघत होती, जशी ती सीटखाली बघायची तशी, न घाई करता.

ठेकेदाराने घड्याळ बघितलं. दत्ताकडे बघितलं. मग शर्टाच्या वरच्या खिशात हात घातला आणि एक पाचशेची नोट काढली.

अक्काने ती बाकीच्यांवर ठेवली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली, ह्या वेळी मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. शेवटची नोट मोजून झाल्यावर तिने सगळ्या सारख्या केल्या, दुमडल्या आणि कनवटीला लावल्या.

"नऊ हजार. भरले," ती म्हणाली. मग दत्ताकडे वळली. "घे आता नावं."